राखणदार पेशी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पेणच्या गणपती कारखान्यांत माती, साचे आणि रंग यांचे काम वर्षभर चालते, पण मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. आखणी करणारा कारागीर बारीक कुंचला रंगात बुडवतो, श्वास रोखतो आणि एका ओढीत पापणीची रेघ काढतो. ही नजरेची करामत असे आपण म्हणतो. खरे तर निम्मी करामत बोटांची असते. कुंचला किती दाबला, आधारासाठी टेकलेली करंगळी कुठे आहे, मनगट किती वळले, याची खबर क्षणोक्षणी मेंदूकडे जाते आणि हुकूम परत येतो. ही ये-जा मुख्यतः दोन मज्जातंतूंतून चालते. एक मनगटाच्या मधोमध शिरून अंगठा आणि पहिली बोटे सांभाळतो. दुसरा कोपराच्या मागच्या खोबणीतून, कातडीच्या अगदी खालून येतो. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या येतात त्या याच्याच. वैद्यकात त्याला अल्नर मज्जातंतू म्हणतात.

हा तंतू बधिर झाला की आखणी थांबली. तो बधिर का होतो, पुन्हा जागा होतो का, आणि होत असेल तर कोणाच्या जोरावर, या प्रश्नांभोवती आपले अभ्यासक्षेत्र उभे आहे. उत्तराचा मोठा भाग तंतूपेक्षा त्याला बिलगून राहणाऱ्या पेशींकडे आहे. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्या श्वान पेशी. मराठी विद्यार्थी हे नाव पहिल्यांदा ऐकतो तेव्हा वर्गात हसू फुटतेच. फुटू द्यावे. नाव एका माणसाचे असले तरी लक्षात ठेवायला आपला अर्थ सोयीचा आहे. या पेशी धन्याला ओळखतात, रात्रंदिवस राखण करतात आणि घरात काही मोडले की सर्वांत आधी उठतात. चोराने राखणदारालाच फितवले तर काय होते, हेही पुढे येणार आहे, आणि ती गोष्ट आपल्या मुलखातली आहे.

ज्यांना शरीररचनेची सवय नाही त्यांनी आधी रेल्वेने प्रवास करावा. दिव्याहून सुटलेली गाडी पेण, कासू, नागोठणे, निडी करीत रोह्याला येते. मज्जातंतूतला एकेक धागा असाच स्थानकास्थानकाने जातो. धाग्याच्या एका तुकड्याभोवती एक श्वान पेशी स्वतःचे पातळ आवरण पुन्हापुन्हा गुंडाळते. या स्निग्ध गुंडाळीला मायलीन म्हणतात. एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते तिथे बारीक फट राहते. रान्व्हिए या फ्रेंच संशोधकाचे नाव तिला मिळाले आहे. विद्युतसंदेश मायलीनखालून झपाट्याने सरकतो आणि फटीशी येऊन ताजा होतो, तिथून पुढच्या फटीकडे. निरोगी माणसाच्या हातात तो सेकंदाला पन्नास मीटरहून अधिक वेगाने धावतो. मायलीन नसलेल्या बारीक धाग्यांत तोच संदेश चालत्या माणसाच्या गतीने जातो. या धाग्यांनाही राखणदार आहेत. त्या श्वान पेशी गुंडाळी करीत नाहीत. अनेक धागे एकत्र पोटाशी धरून ठेवतात. वेदना आणि ऊन-गार यांची जाणीव बहुतांशी अशा धाग्यांवर अवलंबून असते.

रोह्याला आणखी एक गोष्ट घडते. मध्य रेल्वेची हद्द तिथे संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. रूळ अखंड, गाडी तीच, फक्त मार्गाची देखभाल करणारे बदलतात. मज्जासंस्थेतही असे एक रोहे आहे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आत मायलीन घालण्याचे काम दुसऱ्या जातीच्या पेशी करतात. मज्जारज्जूतून मुळे बाहेर पडली की कारभार श्वान पेशींच्या हाती येतो. हा बदल सीमेवरच्या एखाद्या मिलिमीटरात होतो, पण त्याचे परिणाम माणसाला आयुष्यभर भोगावे लागतात. हाताचा तुटलेला तंतू पुन्हा वाढू शकतो, मज्जारज्जूत तुटलेला सहसा वाढत नाही. १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांमध्ये पायाच्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. जे धागे आपल्या घरात वाढायला तयार नव्हते ते या परक्या तुकड्यातून काही सेंटीमीटर वाढले. वाढण्याची कुवत धाग्यात होतीच, सोबत मिळत नव्हती. आपल्या क्षेत्राचा पाया म्हणून मी या प्रयोगाकडे बोट दाखवतो.

ही सोबत कोणत्या रूपाने मिळते? त्यासाठी वाढघटकांची ओळख हवी. १९५० च्या दशकाच्या आरंभी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना दिसले की काही ऊतींतून एक पदार्थ पाझरतो आणि मज्जापेशींना सर्व बाजूंनी धागे फुटतात. स्टॅनले कोहेन यांनी तो पदार्थ शुद्ध करण्याचे काम केले. त्याचे नाव एनजीएफ, मज्जातंतूंचा वाढघटक. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर या कुळातले आणि कुळाबाहेरचे घटक सापडत गेले : बीडीएनएफ, एनटी-३, सीएनटीएफ, जीडीएनएफ. नावे रुक्ष आहेत. प्रत्येक घटक ठरावीक जातीच्या मज्जापेशींशी बोलतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. एनजीएफ वेदना जाणणाऱ्या पेशींशी, जीडीएनएफ मुख्यत्वे स्नायू हलवणाऱ्या पेशींशी आणि काही संवेदी पेशींशी.

निरोगी शरीरात एनजीएफचा मोठा पुरवठा तंतू जिथे पोहोचतो तिथून, म्हणजे कातडीतून, होतो. तोही बेताचाच. तंतूचे टोक तो उचलते आणि दूर मणक्याजवळ असलेल्या आपल्या मूळ पेशीपर्यंत वाहून नेते. तंतू तुटला की ही आवक बंद पडते. मूळ पेशी उपाशी राहते. अशा वेळी श्वान पेशी कोठीची किल्ली हाती घेतात.

येथून क्षेत्राची खरी कथा सुरू होते आणि नव्या अभ्यासकाचा पहिला गैरसमजही. वाढघटक म्हणजे टॉनिक, जितके जास्त तितके बरे, असे वाटू लागते. पण श्वान पेशींचे कसब वाटपात आहे : कोणता घटक, कोणत्या दिवशी, किती आणि कुठे. हे वाटप समजून घेणे म्हणजेच हा विषय समजून घेणे.

तुटलेल्या तंतूच्या पलीकडच्या भागात काय होते हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर दाखवले. धन्यापासून तुटलेला धागा विरघळून जातो. श्वान पेशी मात्र मरत नाहीत. मायलीन घालणे त्या थांबवतात, जुनी गुंडाळी मोडतात, कचरा उचलायला रक्तातल्या भक्षक पेशींना बोलावतात, संख्येने वाढतात आणि पोकळ झालेल्या नळीत एकामागे एक रांग धरून उभ्या राहतात. या रांगांना ब्यूंगनर पट्टे म्हणतात. नवा धागा त्यांना धरूनच पुढे सरकतो. पूर्वी या बदलाला पेशी पुन्हा पोरवयात गेली असे म्हटले जाई. लंडनच्या क्रिस्टियन जेसन आणि रोना मिर्स्की यांच्या प्रयोगशाळेने ते चित्र बदलले. सी-जून नावाचे एक नियामक प्रथिन पेशीला पोर न करता दुरुस्तीचा कारागीर करते, असे त्यांच्या २०१२ च्या कामातून स्पष्ट झाले. सी-जून काढून टाकलेल्या उंदरांत श्वान पेशी होत्या, नळ्याही होत्या, पण वाढघटकांचा पुरवठा नीट झाला नाही आणि तंतूची दुरुस्ती फसली.

आता वाटपाचे वेळापत्रक पाहू. म्युनिकजवळ हान्स टोनन यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले की तुटलेल्या तंतूत एनजीएफची निर्मिती दोन लाटांनी वाढते. पहिली काही तासांत येते आणि ओसरते. दुसरी काही दिवसांनी येते आणि टिकते. तिच्यामागे भक्षक पेशींनी सोडलेला इंटरल्युकिन-१ हा संदेश असतो. म्हणजे साफसफाई करणारे आले की कोठी उघडते. बीडीएनएफ सावकाश चढतो, त्याला आठवडे लागतात. जीडीएनएफ दोन दिवसांत वाढू लागतो आणि आठवड्याभरात शिखर गाठतो. सीएनटीएफचे वागणे उलटे आहे. निरोगी, मायलीनधारी श्वान पेशीत तो भरपूर असतो, पण पेशीबाहेर जाण्याचा परवाना त्याच्या रचनेत नाही. घरात पुरून ठेवलेल्या हंड्यासारखा तो पडून असतो, घर फुटले की बाहेर सांडतो, आणि पुढच्या काही दिवसांत त्याची नवी निर्मिती जवळपास थांबते. श्वान पेशीचा धाग्याशी संबंध तुटला की ती सीएनटीएफ बनवणे सोडते. धागा पुन्हा येऊन भेटला की ते सुरू होते. वाटप एकतर्फी नाही. राखणदार धन्याला पोसतो आणि धन्याची चाहूलही घेत असतो.

खारेपाटातल्या माणसाला हे वेळापत्रक समजावून सांगावे लागत नाही. पेण-अलिबागच्या खाडीकाठी भाताची शेती बांधांच्या आधाराने उभी आहे. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली तर गाव ओहोटीच्या वेळात माती घेऊन धावते. पहिल्याच ओहोटीला खांड बुजली तर शेत वाचते. राहिली तर प्रत्येक भरतीला ती रुंदावते, खारे पाणी जमिनीत मुरते, आणि काही वर्षांनी भाताच्या जागी तिवरे उभी राहतात. मग बांध घातला तरी ते शेत लगेच पिकत नाही. माती, माणसे, अवजारे तीच असतात. वेळ गेलेली असते.

मज्जातंतूतही असेच होते. धाग्याविना राहिलेल्या श्वान पेशी दुरुस्तीचा उत्साह कायम टिकवू शकत नाहीत. अहमत होके आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांत दाखवले की जीडीएनएफची पातळी सहा महिन्यांत अगदी खाली येते. आता हिशेब मांडा. माणसाचा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपराशी तुटलेल्या तंतूला करंगळीखालच्या स्नायूपर्यंत जाण्यासाठी पंचवीस-तीस सेंटीमीटर जायचे असते. म्हणजे आठ ते दहा महिने. वाट अर्धी-पाऊण झाली असते तोवर पुढच्या रांगांतले कारागीर थकून बसलेले असतात. उंदराचे महिने माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही खांद्याजवळ तुटलेल्या तंतूने बोटे पुन्हा का हलत नाहीत, हे कोडे या हिशेबाने बरेचसे उलगडते. उंदराच्या पायात धाग्याला अंतर थोडे पडते, माणसाच्या हातात फार.

तुटलेल्या तंतूनंतर दुसरे दालन येते : तंतू तुटलेला नाही, पण त्याचे मायलीन मुळातच कमी किंवा कच्चे आहे. इथे राखणदार आणि धनी एकमेकांना बिलगून आहेत, तरी घर नीट उभे राहत नाही. शार्को, मारी आणि टूथ या तिघांनी १८८६ साली वर्णिलेला आनुवंशिक आजार हे याचे ठळक उदाहरण. पावलाची कमान उंच होते, पिंडऱ्या बारीक होतात, चालताना पाऊल लोंबते. १९९१ मध्ये कळले की त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो. त्यामुळे पीएमपी-२२ या मायलीन प्रथिनाच्या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती होतात. केवळ एका प्रतीच्या आगाऊपणाने श्वान पेशीचा तोल जातो. तंतूतला वेग सेकंदाला ३८ मीटरच्या खाली येतो. निदानासाठी डॉक्टर हीच रेषा वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याभोवती श्वान पेशींचे पापुद्र्यावर पापुद्रे दिसतात. जगभरच्या पुस्तकांत त्याला कांद्याची उपमा दिली आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ दारात टांगणाऱ्या वाचकाला ती लगेच पटेल.

हे पापुद्रे म्हणजे फसलेल्या दुरुस्तीचे थर. पेशी मायलीन घालायला जाते, जमत नाही, मोडते, पुन्हा घालते. तिला मायलीनही जमत नाही आणि ती पूर्णपणे दुरुस्तीचा कारागीरही होत नाही. या घोटाळ्याच्या मध्यभागी न्यूरेग्युलिन-१ नावाचा वाढघटक आहे. तो धाग्याच्या पृष्ठभागावर असतो आणि श्वान पेशीला सांगतो की मी किती जाड आहे, मला किती वेढे हवेत. २००४ मध्ये ग्योटिंगेनच्या संशोधकांनी सिद्ध केले की मायलीनची जाडी या निरोपाच्या प्रमाणावर ठरते. दहा वर्षांनी तिथल्याच गटाने या आजाराच्या उंदरांना बाल्यावस्थेत थोडे दिवस न्यूरेग्युलिन दिले. मोठेपणी त्यांचे तंतू अधिक चांगले निघाले. इथेही खरा परिणाम वेळेने साधला. माणसांत एनटी-३ चा एक छोटा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण आठच होते, पण संवेदनेत सुधारणा दिसली. अशा छोट्या पावलांना कमी लेखू नये आणि त्यांची पताकाही करू नये.

तिसरे दालन आपल्या घरचे आहे, म्हणून मी तिथे जास्त रेंगाळणार आहे. ते कुष्ठरोगाचे. जुन्या कोकणात याला रक्तपिती म्हणत, महारोग म्हणत, आणि माणसाला वेशीबाहेर ठेवत. मुंबईत माटुंग्याला १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले गेले, तेच पुढे वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय झाले. पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवन याच दुःखातून उभे राहिले. समाजाने याकडे कातडीचा रोग म्हणून पाहिले. खरे तर तो मज्जातंतूंचा रोग आहे. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला हा जंतू मज्जातंतूत शिरून तिथे संसार थाटू शकतो, ही त्याची खासियत. आणि ज्या पेशीत तो बिऱ्हाड करतो ती श्वान पेशी. त्याला शरीराचा गारवा मानवतो. म्हणून कातडीजवळून जाणारे तंतू आधी सापडतात : कोपरामागचा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा, घोट्याच्या आतला, चेहऱ्याचा. डोळ्यांची आखणी करणाऱ्याची करंगळी त्यातच आली.

या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि मराठी वाचकाला तो क्वचितच सांगितला जातो. नोशीर अंतिया हे जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात आणि बसकी नाके सरळ करता करता त्यांना प्रश्न पडला की तंतू मुळात का मरतो. त्यांनी दोन वाटा एकदम धरल्या. एक गावाकडे गेली : १९७० च्या दशकात तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, मांडव्याभोवतीच्या गावांत स्थानिक बायकांना आरोग्याचे काम शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला. दुसरी प्रयोगशाळेकडे : फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या मुंबईच्या संस्थेत १९८० च्या सुमारास काचपात्रात मज्जातंतूच्या ऊती वाढवून त्यांत कुष्ठजंतू सोडण्याचे काम झाले. हा जंतू आजवर कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढलेला नाही आणि एकदा दुभंगायला त्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामातली चिकाटी कळते. जे. जे.मध्येच दाराब दस्तूर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरुग्णांचे तंतू पाहिले आणि श्वान पेशींच्या पोटातले जंतू दाखवले.

वाढघटकांचा धागा या कामाला १९९४ मध्ये जोडला गेला. लंडनचे प्रवीण आनंद आणि मुंबईच्या शुभदा पंड्या, उमा लदीवाला, भीम सिंघल यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाने ग्रासलेल्या कातडीत एनजीएफ घटलेला असतो, असे त्यात होते. वर पाहिल्याप्रमाणे कातडी हा एनजीएफचा मूळ पुरवठादार. तोच आटला तर वेदना जाणणारे धागे आधी सुकणार, हे ओघाने आले. चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजते आणि बाईला कळत नाही. सकाळी फोड पाहून ती चकित होते. त्या फोडामागे जे काही घडलेले असते त्याचा एक दुवा या लेखाने हाती दिला.

जंतू राखणदाराला फितवतो कसा, हे त्यानंतरच्या दोन दशकांत उलगडत गेले. अनुरा रांबुक्कना यांच्या गटाने १९९७-९८ मध्ये दाखवले की श्वान पेशीभोवतीच्या आवरणातल्या लॅमिनिन या प्रथिनाचा विशिष्ट भाग धरून जंतू पेशीला चिकटतो. २००२ मध्ये कळले की नुसत्या चिकटण्यानेही मायलीन सुटू शकते. २००६ मधला शोध सर्वांत बोलका. न्यूरेग्युलिनचा निरोप ज्या दारातून पेशीत येतो त्या दाराचा एक भाग, ईआरबीबी-२, हा जंतू स्वतःच चालू करतो. किल्ली नाही, निरोप नाही, दाराची बिजागरी उचकटून प्रवेश. या फसवणुकीला भुलून पेशी मायलीन टाकून देते. मायलीन नसलेली पेशी जंतूला अधिक सोयीची असते. २०१३ मध्ये याच गटाने उंदरांच्या पेशींवर दाखवले की जंतू श्वान पेशीची ओळखच पुसून तिला स्टेम सेलसारखी करू शकतो. ज्या बदलशीलतेच्या बळावर ही पेशी तुटलेला तंतू दुरुस्त करते, तीच चोराने वापरली.

इथे एक इशारा देतो. हे प्रयोग बहुतांशी उंदीर आणि काचपात्रातले आहेत. माणसाच्या तंतूचे नुकसान करण्यात जंतूइतकाच, कधी त्याहून अधिक, शरीराच्या प्रतिकाराचा हात असतो. जंतूला जाळण्यासाठी पेटवलेल्या वणव्यात तंतूही होरपळतो. श्वान पेशींवर बोलताना हा वणवा विसरू नये.

दुसरा इशारा उपचारांच्या घाईबद्दल. वाढघटक कमी आहे ना, मग टोचून द्या, हा विचार मनात येणारच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या १,०१९ रुग्णांवर एनजीएफची मोठी चाचणी झाली. वर्षभराच्या औषधानंतर २००० मध्ये निष्कर्ष आला : अपेक्षित लाभ नाही. एनजीएफ वेदनेच्या धाग्यांशी बोलतो, म्हणून सुईच्या जागी दुखते आणि डोस वाढवता येत नाही. वेगळ्या वाटेने गेलेल्यांनी जनुकोपचाराने श्वान पेशींतूनच जीडीएनएफची अखंड धार सोडली. धागे धावत आले आणि तिथेच वेटोळी घालून बसले. वारीला निघालेला वारकरी अन्नछत्रातच मुक्काम ठोकून बसला तर पंढरपूर राहते बाजूला, तसे. पुरवठा होता, पण तो थांबवणारा, पुढे सरकवणारा कारभारी नव्हता. निसर्गातली श्वान पेशी देते तेवढेच महत्त्व आवरते घेण्यालाही देते.

शब्दांबद्दल थोडे, कारण मराठीत या विषयावर लिहिताना पहिली ठेच शब्दांचीच लागते. आपल्याकडे ‘नस’ म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी आणि स्नायूची दोरी, तिन्ही. ‘नस दबली’ असे सांगणाऱ्या रुग्णाला नेमके काय झाले आहे ते त्याच्याच अंगावर बोट ठेवून पाहावे लागते. ‘मज्जा’ म्हटले की हाडातली मज्जाही आठवते. तिचा या विषयाशी संबंध नाही. मी मज्जातंतू, श्वान पेशी, मायलीन आणि वाढघटक हे चार शब्द धरून चाललो आहे. याहून चांगले शब्द सुचले तर ते वापरावेत. फक्त एका लेखात एका वस्तूला एकच नाव ठेवावे.

या क्षेत्रात कोणी यावे? पेशीशास्त्राच्या विद्यार्थ्याने यावे, कारण पेशी आपली ओळख कशी बदलते आणि पुन्हा कशी मिळवते, या प्रश्नासाठी शरीरात याहून मोकळे अंगण मिळणे कठीण. हाताच्या शल्यचिकित्सकाने यावे, कारण टाका किती सुबक घातला यापेक्षा तो कधी घातला यावर बोटांचे भवितव्य ठरते. फिजिओथेरपिस्टने यावे. आणि रोह्याच्या डोंगरातल्या आदिवासी वाड्यांवर चालत जाणाऱ्या आशाताईंनीही यावे. त्यांच्यासाठी हा विषय सोपा करून सांगणे ही आपली जबाबदारी. अंतियांनी प्रयोगशाळा आणि मांडवा एकत्र धरले त्यामागचा अर्थ मी असा लावतो.

कारण शेवटी सगळे वेळेवर येऊन ठेपते. कुष्ठरोगात तंतूची शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू केले तर ती परत येण्याची आशा असते; त्यानंतर लाभ फारसा दिसत नाही. उंदरांतला जीडीएनएफ सहा महिन्यांत उतरतो आणि दवाखान्यातली मुदतही सहा महिन्यांची, हा योगायोग आहे. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची गाठ मारण्याचा मोह टाळावा. पण सुचवतात ती दोन्ही एकच गोष्ट. राखणदार काही काळ वाट पाहतो, नंतर तोही थकतो.

वाचकाने पुढे जाण्यापूर्वी एक करावे. आपला हात किंचित वाकवून कोपराच्या मागच्या, आतल्या खोबणीत दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे. सुतळीसारखी सरकणारी, दाबली की करंगळीत झिणझिणणारी दोरी लागेल. निरोगी तंतू कसा लागतो हे बोटाला एकदा कळले की जाड झालेला, दुखरा तंतू ओळखणे अवघड नाही. आणि घरात, वाडीवर, कारखान्यात कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, त्यावर स्पर्श कळत नसेल, करंगळी वाकू लागली असेल, हातातली वस्तू निसटत असेल, तर त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. हा रोग औषधाने बरा होतो, आणि ते औषध तिथे फुकट मिळते.